वायरलेस माउसचा संपर्क सारखा तुटतो तेव्हा

माउसचा बाण अडखळू लागला की आधी सेल बदलावा, हे बरोबरच. पण नवा सेल घालूनही तेच होत असेल, तर माउसचा यूएसबी रिसीव्हर कुठे खोचला आहे ते बघा. हे माउस २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. ब्लूटूथ आणि बरेचसे वायफायही तिथेच. त्यात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असली की तीही त्याच पट्ट्यात रेडिओ-गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवले आहे. डिस्कच्या केबलला चिकटून बसलेल्या नखाएवढ्या रिसीव्हरला मग माउसचा क्षीण संदेश ऐकूच येत नाही. साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून तो माउसजवळ आणा. लोखंडी टेबलाखालच्या सीपीयूच्या मागे तर तो मुळीच ठेवू नका. नवा माउस घेण्याआधी एवढे जरूर करून पाहा.