धातुभट्ट्यांची हवा-संमती आणि गोंडपिपरी परिसर

प्रस्तावना : घुग्घुस येथील स्पंज आयर्न उद्योगानंतर वैनगंगेपलीकडे कोनसरी (ता. चामोर्शी) येथेही लोहप्रकल्प उभा राहिला. अशा भट्ट्यांना मिळणाऱ्या संमतीचे स्वरूप व तिची मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संमतीचे स्वरूप : हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981 च्या कलम 21 नुसार भट्टी उभारण्यापूर्वी व चालविण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते. उत्पादनक्षमता, धूळरोधक यंत्रणा, धुराड्याची उंची व उत्सर्जनमर्यादा यांविषयीच्या अटी संमतीपत्रात असतात. कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्न भट्टीसाठी 2008 च्या मानकांनी धुराड्यातील कणांची मर्यादा प्रति घनमीटर 100 मिलिग्रॅम ठरविली.

मर्यादा : हे मानक प्रत्येक धुराड्यास स्वतंत्रपणे लागू होते, श्वास मात्र सर्वांच्या एकत्रित हवेत घ्यावा लागतो. हवा, पाणी व भूमी यांचा विचार करणाऱ्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि जानेवारी 2010 मध्ये तेथील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीचा विचार तात्पुरता थांबविण्यात आला.

निष्कर्ष : 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते. वारा मात्र जिल्ह्याची सीमा मानीत नाही. सुनावणीपूर्वी किमान 30 दिवसांची सूचना बंधनकारक असून संबंधितांना लेखी म्हणणेही मांडता येते. नदीअलीकडील गोंडपिपरीकरांसाठी हीच तरतूद महत्त्वाची ठरते. स्थानिक महाविद्यालयांनी हवेच्या नियमित नोंदी ठेवल्यास त्या म्हणण्यास शास्त्रीय आधार लाभेल.