सरासरी सोडा, एक टक्का बघा

लॅमिंग्टन रोडवर दुकानदारानेच ‘महागाचं सोडा, स्वस्तातलं घ्या’ म्हटलं, तर गिऱ्हाईक बिचकतं. माझा भाचाही बिचकला. त्याला गेमिंगचा पीसी असेंबल करून घ्यायचा होता आणि प्रोसेसर त्याने आधीच ठरवला होता: इंटेलचा कोअर आय९-१४९००के. २४ कोअर, वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत. काउंटरवरच्या पोराने मात्र कोटेशनमध्ये एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी लिहिला. ८ कोअर, ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही २०२३ मध्ये आलेले. पहिल्याची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ५८९ डॉलर, दुसऱ्याची ४४९. कोअर कमी, वेग कमी, किंमत कमी, आणि म्हणे गेममध्ये हाच पुढे.

“मामा, पडून असलेला माल खपवतोय,” भाचा माझ्या कानाशी पुटपुटला. पोराने ते ऐकलं असावं. “सर, शनिवारी दुपारनंतर या,” तो मला म्हणाला. “दोन्ही शेजारी लावून दाखवतो.” स्वस्त माल खपवण्यासाठी कोणी एवढी मेहनत घेत नाही, म्हणून मी गेलो.

दुकानाच्या पोटमाळ्यावर मान वाकवूनच उभं राहावं लागत होतं. टेबलावर दोन मदरबोर्ड उघडेच मांडलेले. रॅम दोन्हीकडे डीडीआर५, ६००० च्या स्पीडची. विंडोज आणि ड्रायव्हर तेच. ग्राफिक्स कार्ड मात्र एकच, आरटीएक्स ४०९०, आणि कूलरही एकच. “कार्ड बदललं की तुलना गेली,” तो म्हणाला. कॅबिनेट नाही म्हणजे पॉवरचं बटणही नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मदरबोर्डवरच्या दोन पिनांना क्षणभर टेकवायचं, की पंखे फिरू लागत. एका प्रोसेसरच्या फेऱ्या संपल्या की कूलर काढायचा, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसायची, नवी लावायची, कूलर दुसरीकडे बसवायचा. दुपारभर त्या पोटमाळ्यात स्पिरिटचा वास भरून राहिला होता.

एवढं कार्ड लावून त्याने गेमची सेटिंग्ज मात्र तळाला नेली. रिझोल्यूशन १०८०पी, ग्राफिक्स लो. भाच्याचं तोंड पडलं. पण यातच गोम होती. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, काय काय रंगवायचं आहे, हा हिशेब प्रोसेसर करतो, रंगकाम कार्डाचं. रंगकाम हलकं केलं की कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतं. कोण कमी पडतो ते तेव्हाच कळतं.

गेम होता बाल्डर्स गेट ३, तिसऱ्या अंकातलं गजबजलेलं शहर. तिथे रस्ताभर माणसं असतात आणि त्या प्रत्येकाचा हिशेब प्रोसेसरच्या डोक्यावर. पोरगा एकाच कोपऱ्यापासून निघायचा, त्याच दुकानांवरून, त्याच वळणाने, तितक्याच वेगाने चालत जायचा. पहिली फेरी तो मोजतच नव्हता, कारण तेव्हा शेडर, म्हणजे रंगकामाचे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात आणि आकडे फसवतात. पुढच्या फेऱ्यांत त्याची बोटं इतकी सारखी पडत होती, की मी पडद्यापेक्षा त्याच्या हाताकडेच बघत राहिलो.

भाचा सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, टिपून घेत होता. पोराने त्याचा कागद बाजूला सारला. “सरासरी सोडा, एक टक्का बघा.”

हा एक टक्का त्याने नीट समजावला. सेकंदाला १५० फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९००० होतात. त्यातल्या सर्वांत संथ ९० वेगळ्या काढायच्या आणि त्यांचा वेग बघायचा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते. ८९१० फ्रेम वेळेवर आल्या आणि ९० अडखळल्या तर सरासरी छान दिसते, पण खेळणाऱ्याला आठवतात त्या नव्वदच.

या एक टक्क्यात आठ कोअरवाला स्पष्ट पुढे होता. कारण आहे कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी. ७८००एक्स३डीमध्ये एल३ कॅश ९६ एमबी, १४९००केमध्ये ३६. मिसळणाचा डबा हाताशी असला की फोडणी करपत नाही. दर चिमटीला माळ्यावरची बरणी काढायची तर आचारी कितीही चपळ असून उपयोग काय? त्या ९६ पैकी ६४ एमबी चिपच्या डोक्यावर वेगळ्या थराने बसवलेली आहे. त्या थराखाली उष्णता अडकते, म्हणून वेग ५ गिगाहर्ट्झवर रोखलेला. साध्या रायझन ७ ७७००एक्सला ५.४ ची मुभा आहे. विजेतही फरक दिसला: आठ कोअरवाला शंभर वॉटच्या आत राहिला, चोवीसवाला त्याच्या बराच वर. खोक्यावर ६ गिगाहर्ट्झ ठळक छापता येतं. एक टक्का कोणी छापत नाही.

इंटेलची बाजू त्याने लपवली नाही. काही गेममध्ये दोन्ही बरोबरीत असतात, काहींत इंटेल थोडा पुढे जातो. आणि ब्लेंडरसारख्या रेंडरिंगच्या कामात २४ कोअर जवळपास दुप्पट काम उपसतात. “व्हिडिओवाल्यांना मी हाच देतो,” तो म्हणाला. “फक्त बायोस अपडेट करून.” १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त जात असल्याचं इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये बायोस अपडेटमधून दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

शेवटी त्याने ४०९० काढलं आणि भाच्याच्या कोटेशनमधलं आरटीएक्स ४०६० बसवलं. मॉनिटर १४४०पी, ग्राफिक्स अल्ट्रा, म्हणजे घरी खेळणार तसं. दोन्ही प्रोसेसरचे आकडे इतके जवळ आले, की कोणता कोणाचा हे सांगता येईना. वापर मोजणाऱ्या आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरच्या पट्टीवर कार्डाचा वापर ९९ टक्क्यांना चिकटलेला. आता घाम कार्डाला फुटला होता.

“मग आठ कोअरवाला तरी कशाला?” भाच्याने विचारलं. पोरगा हसला आणि त्याने स्वतःचंच कोटेशन खोडलं. प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोअर; वाचलेल्या पैशांत ४०६० ऐवजी ४०७०. सॉकेट तोच एएम५, त्यामुळे पुढे वाटलं तर एक्स३डी त्याच बोर्डावर बसेल. भाच्याने तेच घेतलं.

तुम्ही पीसी घ्यायला जाल तेव्हा कोअर आणि गिगाहर्ट्झ विचारण्याआधी आपला मॉनिटर, आपलं कार्ड आणि आपला गेम सांगा, आणि दुकानदाराला तो गेम लावून कार्डाचा वापर दाखवायला सांगा. वापर नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर महागड्या प्रोसेसरवर एक रुपयाही जास्त घालू नका.