युद्धाने विस्थापित केलेल्या मुलांचे मन सावरताना

कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी वळिवडे हे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने या कुटुंबांना घरातून उचलून मालगाड्यांतून सैबेरिया व कझाकस्तानात धाडले होते. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे त्यांतील काही हजार जण भारतात पोहोचले. उपासमार, थंडी आणि रोगराई यांत अनेक मुलांनी आईवडील गमावले होते.

आजच्या परिभाषेत ही मुले तीव्र मानसिक आघात सोसलेली होती. छावणीत त्यांच्यासाठी आजच्यासारखे समुपदेशक नव्हते. शाळा मात्र होत्या. बालवाडीपासून माध्यमिक शिक्षणापर्यंतचे वर्ग मुलांच्या मातृभाषेत भरत. प्रार्थनामंदिर, नाटके, बालवीर पथके आणि रुग्णालय यांचीही सोय होती. कुटुंबांना स्वतंत्र खोल्या व स्वयंपाकघर मिळाले, तर अनाथ मुलांसाठी वेगळे निवासगृह होते. मानसशास्त्र आज जे सांगते, त्यातील बराच भाग या व्यवस्थेत आधीच उतरला होता.

आघाताची लक्षणे

संकटातून बाहेर पडलेल्या मुलाचे शरीर धोका टळल्यानंतरही सावधच राहते. त्यामुळे साध्या आवाजाने दचकणे, दुःस्वप्ने पडणे, अंथरुणात लघवी होणे, आईला क्षणभरही न सोडणे किंवा खाण्याचे पदार्थ लपवून ठेवणे अशी लक्षणे दिसतात. लहान मुले पाहिलेला प्रसंग खेळातून पुन्हा पुन्हा उभा करतात. मोठी मुले अबोल होतात किंवा चिडचिड करतात. हे वेडाचे किंवा हट्टीपणाचे लक्षण नव्हे. असामान्य परिस्थितीला मनाने दिलेला तो स्वाभाविक प्रतिसाद होय. सुरक्षितता आणि आधार लाभल्यास बहुतेक मुले त्यातून हळूहळू सावरतात.

आधार कशाचा?

पहिला आधार नियमित दिनक्रमाचा. ठरलेल्या वेळी जेवण, शाळा, खेळ आणि झोप मिळू लागली की उद्या काय होणार याचा अंदाज मुलाला येतो आणि भीतीची पकड सैल होते. म्हणूनच निर्वासितांच्या छावणीत शाळेला अन्नपाण्याच्या खालोखाल महत्त्व दिले पाहिजे.

दुसरा आधार ओळखीच्या माणसांचा. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बालसंगोपनगृहे चालविणाऱ्या अ‍ॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना असे आढळले की, बॉम्बवर्षावापेक्षाही आईपासूनची ताटातूट मुलांना अधिक जिव्हारी लागते. भावंडांना एकत्र ठेवणे आणि अनाथ मुलांची काळजी घेणारी माणसे वारंवार न बदलणे, हे त्यामुळेच आवश्यक ठरते. आई खचलेली असेल, तर तिला सावरणे हाही मुलावरचाच उपचार असतो.

तिसरा आधार आपल्या भाषेचा, सणांचा आणि अंगावरील छोट्या जबाबदाऱ्यांचा. आपण केवळ मदत घेणारे नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव किशोरवयीन मुलांना बळ देते.

काय करावे, काय टाळावे

आपत्तीतील मानसिक आरोग्यसेवेबाबत २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना मदतीची चार स्तरांची उतरंड मांडतात. पायाशी सुरक्षितता व मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि टोकाशी, मोजक्यांसाठी, तज्ज्ञांचे उपचार. झालेला प्रसंग सांगण्याची सक्ती मुलावर करू नये. मात्र ते बोलू लागले की शांतपणे ऐकावे. ‘बाबा उद्या येतील’ अशी खोटी आशा दाखवू नये. वयाला झेपेल इतके खरे सांगावे. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, मुलाने खाणेपिणे वा बोलणे सोडले किंवा स्वतःला इजा केली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ वर उपलब्ध आहे. कोल्हापूर असो वा वाशीम, निराधार मुलांच्या संरक्षणाचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते.

युनिसेफच्या अंदाजानुसार २०२४ अखेर संघर्ष व हिंसाचारामुळे विस्थापित झालेल्या मुलांची संख्या ४ कोटी ८८ लाख होती. भारतातही मणिपूरमध्ये मे २०२३ पासूनच्या हिंसाचारामुळे हजारो मुलांना मदत छावण्यांत राहावे लागले.

वळिवड्याने मुलांची सारी दुःखे दूर केली, असे म्हणता येणार नाही. युद्ध संपले तेव्हा अनेकांचे मूळ गाव सोव्हिएत संघात गेलेले होते. परतायला घरच नसल्याने कित्येक कुटुंबे पुढे ब्रिटनसह परदेशांत विखुरली. छावणीच्या त्याच जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि तेथे आजचे गांधीनगर उभे राहिले. तरीही वळिवड्यात वाढलेले अनेक जण म्हातारपणी हे गाव पुन्हा पाहायला आले. परक्या मुलखात त्यांना लाभलेली ती चार-पाच वर्षांची शाळा, खेळ आणि शांत झोप त्यांच्या स्मरणातून गेली नव्हती.