‘माले बीपी शे’ हे सांगितलं, पण डॉक्टरांना आणखी काय सांगायचं?

शिरपूर : ‘डॉक्टरसाहेब, माले चक्कर येस.’ अहिराणी बोलणाऱ्या रुग्णाच्या तोंडी हे वाक्य नेहमीचं. पण चक्कर म्हणजे नेमकं काय? घर गरगर फिरतं, की अशक्तपणानं पाय लटपटतात? की ‘उठनू का डोयासमोर अंधारी येस’, म्हणजे उठून उभं राहताच डोळ्यांपुढे काळोख येतो? गरगरण्याचं मूळ कानात असू शकतं. उठल्यावर येणारी अंधारी मात्र उभं राहताच रक्तदाब घसरल्याची खूण असू शकते. मग डॉक्टर उभं करून पुन्हा बीपी मोजतात, गोळीचा डोसही तपासतात. म्हणून नुसतं ‘चक्कर’ म्हणून थांबू नये. अहिराणीत सांगायला संकोच कशाला? तोडक्यामोडक्या ‘शुद्ध’ मराठीपेक्षा आपल्या बोलीतलं नेमकं वर्णन डॉक्टरांच्या जास्त कामाचं.

बीपीचे आकडे दोन. वरचा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दवाखान्यातल्या मोजणीत वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वेगवेगळ्या दिवशी भरला, तर उच्च रक्तदाब धरतात. ‘मागे जास्त निघालं होतं’ एवढ्यानं भागत नाही. आकडा आणि तारीख वहीत लिहून न्यावी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळून पाच मिनिटं शांत बसावं, नाहीतर आकडा उगाच चढा येतो.

खरी गफलत होते ती ‘आते बरं शे’ या वाक्यानं. आता बरं वाटतंय म्हणून गोळी बंद, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नाही! वाढलेलं बीपी बहुतेकदा दुखत-खुपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या माहितीनुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना तो असल्याचं ठाऊकच नव्हतं. तेव्हा ‘गोया सरी ग्यात’ किंवा ‘दोन दिन गोयी लिधी नही’ हे रागावतील या भीतीनं लपवू नये. गोळ्या चालू आहेत असं समजून डॉक्टर डोस वाढवतील, आणि घरी जाऊन त्या सगळ्या नियमानं घेतल्या तर बीपी एकदम खाली येईल.

‘पायले सूज येस’ हेही सांगायलाच हवं. अम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीनं काहींचे घोटे सुजतात. ती डॉक्टरांना बदलता येते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, त्यांची पाकिटं सोबत न्यावीत. मिठाचं विचारलं तर भाजीतलंच नव्हे, लोणचं, पापड आणि बिबड्यांतलंही मोजावं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणाऱ्या पावरी भाषकांची अडचण आणखी वेगळी. सोबतचा नातेवाईक किंवा आशाताई दुभाषी होतात, पण ‘गोळ्या घेतो का?’ याचं उत्तर तेच परस्पर देऊन टाकतात. प्रश्न रुग्णापर्यंत जाऊ द्यावा, उत्तर त्याचंच यावं.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका हातातलं बळ जाणं किंवा छातीत दाटून येणं, यांपैकी काही दिसलं तर शब्द शोधत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.