नाकाचे दुखणे, डोळ्याला शिक्षा

‘मुलगी नाकीडोळी नीटस आहे,’ असे आपण म्हणतो. भाषेने नाक आणि डोळे एकाच शब्दात बसवले, ते शरीररचनेच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. दोघे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी; आणि एकाकडे पाणी तुंबले, तर पडझड दुसऱ्याकडे होते!

आमच्या वहिनींचा उजवा डोळा वर्षभरात हळूहळू पुढे व किंचित खाली सरकला. ना वेदना, ना लाली. मग एकाचे दोन दिसू लागले. चष्मा बदलला, थायरॉइड तपासले, उलगडा होईना. शेवटी नेत्रतज्ज्ञांनी विचारले, “पूर्वी सायनसचे ऑपरेशन झाले होते का हो?” झाले होते, पंधरा वर्षांपूर्वी! सी.टी. स्कॅन काढला आणि नाव कळले : म्यूकोसील.

कपाळाच्या आणि नाकालगतच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतला स्राव अरुंद वाटेने नाकात उतरतो. जुनी सूज, मार किंवा शस्त्रक्रिया यांमुळे ती वाट बुजली, की स्राव साठून पिशवी फुगते. हा कर्करोग नव्हे. पण तिच्या सततच्या दाबाने हाड झिजते. नाक व डोळा यांमधल्या हाडाच्या पडद्याचे लॅटिन नावच मुळी ‘कागदासारखा’ अशा अर्थाचे आहे! कपाळातली पिशवी डोळ्याला खाली व बाहेर ढकलते.

1971 साली लंडनमध्ये प्रथम रुग्णावर वापरलेल्या सी.टी. स्कॅनने हाड कुठे झिजले ते नेमके दिसते. गाठीची शंका असल्यास एम.आर.आय. काढतात.

औषधाने ही वाट मोकळी होत नाही. पूर्वी भुवईजवळ छेद घेत. आता बहुधा नाकपुडीतून दुर्बीण घालून पिशवीचे तोंड नाकात रुंद उघडतात. ती सगळी सोलून काढावी लागत नाही. वहिनींचे असेच झाले. काही आठवड्यांत दुहेरी दिसणे थांबले.

मात्र सगळ्यांनाच इतकी सवड मिळत नाही. अगदी मागच्या पोकळीतली पिशवी दृष्टीच्या नसेवर दाब आणते. नजर एकाएकी अंधुक झाली, किंवा डोळा सुजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गेलेली नजर उशिरा परतेलच असे नाही.

आणि डोळा सरकल्याची नुसती शंका असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एक जुना फोटो बरोबर न्या. रोजच्या आरशाला जे दिसत नाही, ते फोटो चटकन सांगतो.