मोटार पळवा, पण मैदानात!

मैत्रिणींनो, घरात विशी-पंचविशीतला मुलगा, धाकटा दीर किंवा भाचा असला की मोटारींच्या गप्पा कानावर पडतातच. हल्ली त्यात ‘ऑटोक्रॉस’ हा शब्द येऊ लागला आहे. “जुनी सेडान घेतो आणि शर्यतीसाठी तयार करतो,” असं त्यानं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण लगेच ‘नको’ म्हणू नका. आधी हे प्रकरण समजून घेऊ या.

ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. आपल्याकडे हे मैदान बहुधा मुरमाचं किंवा मातीचं असतं. स्पर्धा घड्याळाशी असते, म्हणून शक्यतो एका वेळी एकच मोटार सुटते. शंकू पाडला तर वेळेत सेकंद वाढवतात, एवढीच शिक्षा.

आता आपला रस्ता आठवा. बारामतीहून इंदापूरला जाताना लासुर्णे, शेळगाव फाटा, निमगाव केतकी लागतं. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या, आषाढीआधी तुकोबांची पालखी, एरवी शाळेची मुलं आणि दुधाच्या मोटारसायकली. वेगाची हौस इथं भागवली, तर एका चुकीपायी कुणाच्या तरी घरातलं माणूस जातं. हौस थांबत नसेल तर तिला मैदान मिळवून द्यावं, हेच शहाणपणाचं.

मोटार कोणती घ्यावी?

जास्त ताकदीची मोटार म्हणजे चांगली मोटार, हा समज आधी काढून टाका. शंकूंच्या वाटेवर पूर्ण ताकद वापरायला जागाच नसते. तिथं हलकी, नीट वळणारी आणि वेळेवर थांबणारी मोटार जिंकते.

मारुती एस्टीम हलकी आणि चपळ म्हणून पूर्वी शौकिनांची लाडकी होती. पण ती २००७ साली बंद झाली. म्हणजे आज मिळेल ती पंधरा वर्षांच्या पुढची, नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावी लागणारी. मित्सुबिशी सेडिया रॅलीत गाजली, पण तिचे सुटे भाग शोधताना दमछाक होते. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस १५० अश्वशक्तीपर्यंत मिळते. मात्र नवी मोटार मुरमात घालायला छाती हवी!

बेतात बसणारी म्हणजे दीड लिटरची जुनी होंडा सिटी किंवा पेट्रोलवरची टोयोटा इटिऑस. २०२० मध्ये बंद झाली तरी इटिऑसचे भाग मिळतात आणि मिस्त्रींना ती पाठ आहे. टॅक्सी म्हणून राबलेली मात्र घेऊ नका.

पाहायला जाल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवायला सांगा. चाकाकडून ‘कट कट’ आवाज आला तर अ‍ॅक्सलचा खर्च समोर आहे. डिकीतलं कार्पेट उचलून गंज आणि ठोकाठोक तपासा. रंगावर भुलू नका.

तयारी कशी करावी?

पहिला पैसा ब्रेकवर. पॅड नवे घाला आणि ब्रेक ऑइल बदला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ब्रेक तापले की त्याची वाफ होऊन ब्रेक बसतो. मग इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि अलाइनमेंट. मुरमासाठी चेंबरखाली जाड पत्र्याचं गार्ड हवंच. दगड लागून चेंबर फुटला तर इंजिनच जातं.

टायर मुरमासाठी खोल नक्षीचे घ्या. डांबरावर स्पर्धा असेल तर एक सोपी युक्ती आहे. टायरच्या कडेवर पाटीवरच्या खडूनं रेघ ओढा. फेरीनंतर रेघ बाजूपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे. या मोटारींची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे वळणावर नाक बाहेर जाऊ पाहतं. मागच्या टायरांत थोडी जास्त हवा भरली तर शेपूट वळायला मदत करतं.

फेरीआधी स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, गणपतीची सुटी मूर्तीसुद्धा बाहेर काढा. बॅटरी घट्ट बांधा. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत, कारण नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. हेल्मेट कोणतं चालेल ते आयोजकांच्या नियमांत पाहा.

विमा आणि कागद

इथं मात्र तुम्ही स्वतः लक्ष घाला. नेहमीच्या मोटार विम्यातून शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. घरची मोटार मैदानात नेऊन मोडली तर भरपाई मिळत नाही. म्हणून शर्यतीची मोटार वेगळी, आणि तिची मोडतोड सोसण्याइतकीच तिची किंमत. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते.

स्पर्धा ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’च्या मान्यतेनं होणारीच निवडा. गावाबाहेर कुणीतरी हौसेनं भरवलेल्या शर्यतीला पाठवू नका. मैदानात रुग्णवाहिका उभी आहे का, हे विचारायला लाजू नका.

आणि तुम्ही?

हे सगळं मुलांसाठीच, असं थोडंच आहे? पुण्याच्या डायना पुंडोळे दोन मुलांच्या आई. २०२४ मध्ये पुरुष स्पर्धकांना मागे टाकून त्यांनी एमआरएफ सलून गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोटारींच्या राष्ट्रीय शर्यतीत असं यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ती शर्यत ट्रॅकवरची होती, ऑटोक्रॉस नव्हे. पण त्या गटातली मोटार कोणती, ठाऊक आहे? शर्यतीसाठी सजवलेली इटिऑस!

ऑटोक्रॉसच्या अनेक स्पर्धांत बायकांचा वेगळा गट असतो. मोटारीचे पैसे घरातूनच जाणार असतील, तर एक फेरी तुमच्याही नावावर लागू द्या. ब्रेक कितपत लागतात ते आपल्या पायांना कळलं, की मुलगा चावी घेऊन निघताना त्याला काय सांगायचं तेही नेमकं कळेल.