कमरेचा ठणका आणि मज्जारज्जूतलं फाटक

दिवसभर वाकून ऊस तोडलेली कंबर हंगाम संपला तरी ठणकत राहते, हे मोहोळकडच्या माणसाला सांगायला नको. अशा कमरेवर फिजिओथेरपिस्ट चिकटपट्ट्या लावून एक छोटं यंत्र सुरू करतात, 'टेन्स'. मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि ठणका ओसरतो. कसा?

गुडघा आपटला की आपण तो आधी चोळतो. त्यामागचं कोडं रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये उलगडू पाहिलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंतून येतात, तर रेंगाळणारी वेदना बारीक तंतूंतून. जाड तंतू जागे झाले की वेदनेसाठी फाटक मिटू लागतं. टेन्समधून सेकंदाला ८० ते १०० वेळा येणारे विजेचे सौम्य ठोके म्हणजे न थांबणारं चोळणंच.

पण यानं मणका दुरुस्त होत नाही. आराम बहुधा यंत्र चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ मिळतो. सगळ्यांना तेवढाही मिळत नाही. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावूच नये. आणि पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर यंत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.